करांद्याला कान फुटले तेव्हा

आनशीकाकूचा घसा बसला आणि प्रयोगशाळेत कान लाभलेल्या करांद्याच्या कंदवेलांनी बेटावर वाढणंच सोडलं. लहानपणापासून त्यांना तिच्या शिव्यांवर वाढायची सवय होती. लागवडीचं सरकारी अनुदान ठरवणाऱ्या बाई होडीतून उतरल्या, तेव्हा अबोल संशोधक निरंजन मरगळलेल्या वेलापुढे हात जोडून उभा होता.

"कृपया, थोडं वाढावं."

काकू घोगऱ्या आवाजात खेकसली, "झिला, विनंती कसली करतंस? शिवी घाल!"

निरंजनने डोळे मिटले. "मेल्या आळशा, फुकटचं खत गिळतोस, लाज नाही वाटत?"

वेल सरसर मांडवावर चढला. बाईंनी तिथेच सही केली. निरंजन मात्र थांबेना. जन्मभर गिळलेलं सारं बाहेर पडत होतं.

अखेर काकूने त्याचा दंड धरला. "पुरे रे. आता रडतलो तो वेल."