हिच्या हाताला बसेल असा पाना

"हा नको, हिच्या हाताला जड होईल," नवरा म्हणाला आणि त्याने पाना काउंटरवर परत ठेवला.

दुकानदाराने दुसरा काढला, लांब दांड्याचा. "मग हा घ्या. दांडा लांब असला की जोर कमी लागतो. वहिनी एकट्यासुद्धा चाक काढतील."

"एकटीलाच काढायचंय तिला."

बायको पक्कड उघडमीट करत उभी होती. वीस वर्षांत तिने गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. जवळ गेली की "बाजूला हो, हात काळे होतील" हे ठरलेलं. आणि आता महिनाभर शिकवणीच लागली होती. ऑइल कसं बघायचं, बॅटरीची कुठली तार आधी काढायची, जॅक नेमका कुठे लावायचा.

"स्वस्तातला सेट दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"छे! कच्च्या लोखंडाचा पाना नटाच्या कडा खातो, मग बसा बोंबलत. सहा कोनांचे सॉकेट द्या. आणि गाडीखाली लावायचे दोन स्टँड." तो बायकोकडे वळला. "नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. काय?"

"नाही घालणार," ती म्हणाली आणि पटकन खिळ्यांच्या खोक्यांकडे बघू लागली. डोळे भरून आले होते.

तिला सगळं कळलं होतं. सहा महिन्यांत तो इतका उतरला होता की पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. रात्री ताटातलं निम्मं तसंच टाकायचा, भूक नाही म्हणायचा. फोन आला की गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचा. आणि त्याच्या खिशात तिला एका डॉक्टरांची चिठ्ठी सापडली होती. घराजवळचे नेहमीचे डॉक्टर सोडून हे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचे. विचारलं तर म्हणे, ऑफिसची तपासणी होती. बिचाऱ्याला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता. वीस वर्षांचा संसार, सुखदुःखाचं सगळं निम्मं निम्मं, आणि मरणाच्या गोष्टीत याने ताकास तूर लागू दिली नाही! हे केसाने गळा कापणंच झालं. त्याच्यावर ओरडावंसं वाटायचं. पण तो इतक्या मायेने पाने निवडत होता की तिचं तोंड उघडेना. निदान माझी काळजी न करता जाऊ दे त्याला, असं ठरवून ती मन लावून शिकली.

रविवारी तिने अंगणात एकटीने चाक काढलं, परत बसवलं, नट आवळले. त्याने प्रत्येक नट तपासून पाहिला.

"शाब्बास! आता तुझं माझ्यावाचून अडणार नाही," तो म्हणाला.

ती हात धुवायला आत गेली आणि नळ मोठा सोडून रडली.

सोमवारी मात्र तिला राहवेना. चिठ्ठी घेऊन ती त्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वयस्कर होते, बोलके होते. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर पाहून फाईल काढली.

"डॉक्टर, माझ्यापासून लपवू नका. किती दिवस राहिलेत त्यांचे?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चक्क हसले. "कुणी घातलं हे तुमच्या डोक्यात? साखर वाढली होती, वजन वाढलं होतं. आता सगळं ताळ्यावर आहे. ठणठणीत आहे माणूस!"

महिनाभर कोंडलेलं रडू हसण्यातूनच बाहेर पडलं. त्याला रागवायचं, मग घट्ट मिठी मारायची, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं.

"तुमचे फार उपकार झाले, डॉक्टर."

"माझे कसले? श्रेय त्यांच्या मिसेसना. दर खेपेला सोबत येतात, पथ्य वहीत लिहून घेतात, दुपारी समोर बसवून जेवू घालतात." डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तुम्ही त्यांच्या बहीण का?"