सप्टेंबरातले वाढदिवस

अमेरिकेच्या सीमेअलीकडच्या आमच्या खेड्यातली सुईण मीच. शाळेत नवी आलेली मास्तरीण रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली.

"कासिल्दाबाई, सहावीतल्या सगळ्या मुलांचे वाढदिवस सप्टेंबरातच कसे हो?"

"गडी तिकडे अमेरिकेत स्ट्रॉबेरी तोडायचे आणि नाताळला घरी यायचे. महिने तूच मोज, पोरी."

तिनं बोटांवर मोजले आणि लाजली.

"मग यंदा पहिलीत एकच मूल कसं?"

"सीमेवर पहारा वाढला ना. एकदा इकडे आलं की पुन्हा तिकडे घुसता येत नाही, म्हणून नाताळला आता कुणी येतच नाही."

"आणि हे एक? याचा वाढदिवस तर मार्चमधला आहे."

"याच्या बापाला तिथल्या पोलिसांनी जूनमध्ये पकडून घरी धाडलं. आता माझा धंदा त्यांच्याच भरवशावर."