पारावरचा निकाल

"मी न्यायाधीश रेगे. तुमच्या नवऱ्याला फाशी मीच सुनावली," दारात उभा असलेला म्हातारा म्हणाला.

"ओळखलं," हौसाबाई म्हणाल्या.

त्यांचा नवरा लक्ष्मण फासावर गेल्यानंतर सहा वर्षांनी खरा खुनी सापडला होता. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत पिंजऱ्यात कुणीही आरोपी असो, रेग्यांना हात जोडलेला लक्ष्मणच दिसे.

"चुकलो. माफी मागायला आलोय."

"मला सांगून काय उपेग? गाव अजून लेकीला खुन्याची पोर म्हणतंय. पारावर चला, तितं सांगा."

पारावर माणसं जमली. जन्मभर कोर्टात निकाल वाचलेल्या रेग्यांचा आवाज "लक्ष्मण निर्दोष होता" म्हणताना जेमतेम फुटला.

समोर उभी असलेली लक्ष्मणची लेक म्हणाली, "पुन्यांदा सांगा, सायब. मागं ऐकू गेलं न्हाई."