जंक्शन डीएनए

जंक्शनवर गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत होते. तेवढ्यात आईनं समोरच्या बाईंना सांगितलंच, "आमची ऋजुता जंक्शन डीएनएवर पीएचडी करते."

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जंक, आई! जंक्शन नाही! किती वेळा सांगू?"

"असतं काय त्यात?" बाईंनी विचारलं.

"त्यातून प्रथिनं बनत नाहीत. पण कुठलं जनुक कधी चालू, कधी बंद, हे त्यातले काही भाग ठरवतात."

"म्हणजे जंक्शनच की!" म्हणत बाई चहा आणायला उतरल्या.

"लोक हसतात मला!" ऋजुता आईवर उखडली.

"जंक म्हणजे भंगार, कळतं मला," आई हळूच म्हणाली. "पण पाच वर्षं खपतेयस त्यात. चारचौघांत तुझ्या कामाला भंगार म्हणायला जीभ रेटत नाही गं."