बाईलाही जमेल

"अगदी बाईलाही जमेल," निंदणीचं यंत्र विकायला आलेला माणूस म्हणाला, आणि तिथेच त्याने माती खाल्ली.

बिचाऱ्याला वाटलं, आपण यंत्राचं कौतुक करतोय. भुईमुगाच्या दोन ओळींमधून घरच्या सुनेने ते नुकतंच या बांधापासून त्या बांधापर्यंत नेलं होतं, ताठ उभी राहून. गवत मुळासकट वर आलं होतं आणि भुईमुगाच्या एका पानाला धक्का लागला नव्हता. खुरपं घेऊन उकिडवं बसून बसून तिचे गुडघे कामातून गेले होते. खाली बसली की उठायला दुसऱ्याचा हात लागायचा, आणि हात द्यायला जवळ कुणी असेल तर ना. आज ओळ संपली तेव्हा ती उभीच होती. तिला हसूच आलं.

नवऱ्याला नाही आलं. बांधावर शेजारचा शेतकरीही उभा होता, आणि तो मात्र हसत होता.

"घे की मग," शेजारी नवऱ्याला म्हणाला, "आता तुलाही जमेल."

नवऱ्याचे कान लाल झाले. या गृहस्थाने जन्मात खुरप्याला हात लावला नव्हता. निंदणी बायकांनी करायची. आपण बांधावर उभं राहून 'तिकडे राहिलं बघ' म्हणायचं आणि दमून घरी जायचं. सासरे त्याच मुशीतले. त्यांनी यंत्राला नुसतं बोट लावलं, तर ते आपलं सुरसुरत पुढे गेलं. त्यांनी नाक मुरडलं.

"खेळणं आहे हे. पोराटोरांचं."

"पुरुषांसाठी काही नाही का तुमच्याकडे?" नवऱ्याने विचारलं.

विकणाऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. हे एवढं थोरलं धूड, वळवायलाच दोन गडी लागावेत असं. बापलेकांच्या चेहऱ्यावर काय तजेला आला! आवाज किती करतं, तेसुद्धा सासऱ्यांनी विचारून घेतलं. भरपूर करतं म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पण हे तुमच्या ओळींत मावायचं नाही," विकणारा म्हणाला. धंद्यात नवीन असावा. "पीक तुडवेल."

"अहो, मला हे छोटंच बरं पडतंय," ती म्हणाली. "गुडघ्यांना जरा..."

"तू थांब गं. यंत्रातलं तुला काय कळतंय?" ज्याने अजून यंत्राची मूठही धरली नव्हती, तो हे तिला सांगत होता. मग विकणाऱ्याकडे वळून म्हणाला, "मोठंच घेऊ. पुढच्या वर्षी ओळींत जास्त अंतर ठेवून पेरतो."

"आणि या वर्षीचं गवत?"

यात विचारण्यासारखं काय आहे, हेच नवऱ्याला कळेना.

"या वर्षी ही आहेच की."

सासऱ्यांनी मान डोलावली. शेजाऱ्यालाही ते पटलं. विकणारा छोटं यंत्र गाडीत चढवायला तिच्यापाशी आला. मूठ सोडा म्हणून त्याला तिला दोनदा सांगावं लागलं.