नातेवाइकांनी बाहेर थांबावे

"घंटा ऐकू आली नाही का तुम्हाला? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," असं म्हणत मेट्रनबाईंनी पोटच्या मुलीला वॉर्डाचं दार दाखवलं.

भेटीची वेळ संपल्याची घंटा खरोखरच झाली होती. बाई निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, आणि सध्या त्या याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पेशंट होत्या. एवढा तपशील सोडला, तर त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

विसरण्याचा आजार जुना. दवाखान्यात आणलं होतं ते छातीतल्या कफासाठी. पण वॉर्डात पाऊल पडलं आणि बाई कामावर रुजू झाल्या. दम लागायचा, तरी भिंत धरून खाटांमधून फिरायच्या, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या. कुणी स्टूल पुढे केलं की म्हणायच्या, "ड्युटीवर बसायचं नसतं." सिस्टर मंडळी त्यांच्यासमोर ताठ उभं राहून रोज सकाळचा रिपोर्ट देत. त्यातल्या निम्म्या बाईंच्या हाताखाली शिकलेल्या होत्या, उरलेल्या निम्म्या त्या शिकलेल्यांच्या धाकात होत्या.

बाई या कामाला लागल्या तेव्हा लोक त्याला पेशा म्हणायलाही तयार नव्हते. चांगल्या घरच्या मुली परक्या माणसांना अंघोळ घालत नाहीत, असं सख्ख्या आत्याने सुनावलं होतं. आत्याला शेवटी बाईंनीच अंघोळ घातली. पुढे दवाखान्याची शिस्त म्हणजे बाई, असं समीकरण झालं. घंटेनंतर आलेल्या एका मंत्र्यालाही त्यांनी पुष्पगुच्छासकट व्हरांड्यात उभं केलं होतं. जिन्यात त्यांचा फोटो लागला, खाली 'असंख्य रुग्णांची माता' अशी अक्षरं आली. या असंख्यांत न धरलेली एक मुलगी रोज त्या फोटोखालून वर यायची.

ती आता पन्नाशीला टेकली होती, कॉलेजात शिकवत होती. लहानपणी घरात एक नियम होता: आई दवाखान्यातून आली की अंघोळ होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आईची अंघोळ होईतो मुलगी झोपलेली असे. गोवर आला तेव्हा कपाळावर ओल्या घड्या शेजारच्या काकूंनी ठेवल्या. "आई कुठाय गं?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "ड्युटीवर." अजूनही तेच उत्तर बरोबर होतं.

डॉक्टर आता फक्त 'बघू' म्हणत होते. म्हणजे दिवस थोडे होते. आईने एकदा ओळखावं, बाकी काही नको, एवढ्यावर मुलगी आली होती. तिने लहानपणचा स्वतःचा फोटो आणून दाखवला. बाईंनी तो उजेडात धरून नीट पाहिला. "पोर अशक्त आहे. दूध वाढवा," म्हणाल्या आणि परत केला.

आज दाराबाहेर काढल्यावर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. वॉर्डातली जाडी सिस्टर मागून आली.

"ताई, तुमचं एक चुकतंय. तुम्ही उभ्या राहता."

"म्हणजे?"

"बाई उभ्या माणसाला माणसात धरत नाहीत. आम्हाला तरी कुठे धरतात? तीन नंबरची खाट रिकामी आहे. पडा तिथे. आणि चपला आत सरकवा हं, दिसल्या तर मला ओरडा बसेल."

इतकं शिकून-सवरून हे काय करतोय आपण, असं म्हणत मुलगी चष्म्यासकट आडवी झाली. चादर हनुवटीपर्यंत ओढली.

बाई आल्या. आधी त्यांनी पायाकडचा चादरीचा कोपरा दुमडून गादीखाली खोचला. मग तळहात तिच्या कपाळावर ठेवला. तो बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मोजून झाल्यावरही हात सोडला नाही. हे मुलीला ठाऊक होतं. नाडीचं निमित्त ठेवून श्वास मोजायचा असतो. पेशंटला कळलं की श्वास बिघडतो. आई नर्सिंगच्या पोरींना शिकवायची ते तिने दाराआडून ऐकलं होतं.

तिला कळलं होतं, म्हणून श्वास बिघडला. आधी थोडा, मग पुरता.

"रडायला काय झालं, बाळा? दुखतंय?"

नातेवाइकांना बाई 'तुम्ही' म्हणत. 'बाळा' फक्त पेशंटला.

"नाही."

"घरी कोण आहे तुझ्या?"

"आई."

"मग? भेटायला नाही आली?"

"ड्युटीवर आहे."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोर इथे अशी पडलीय, आणि हिला ड्युटी सुचतेय! काय बाई तरी एकेक." मग दाराकडे वळून, व्हरांड्यापर्यंत जाईल अशा जुन्या आवाजात त्या म्हणाल्या, "सिस्टर! हिची आई आली की लगेच आत सोडा. घंटा झाली असली तरी."

जाडी सिस्टर दारात होती. "हो, बाई," म्हणून तिने तोंड फिरवलं.

बाईंनी पायाने स्टूल ओढलं. "ती येईपर्यंत मी आहे हो," म्हणाल्या, आणि चक्क बसल्या. नाडी मोजून झाली होती, श्वासही मोजून झाला होता, मनगट मात्र हातातच होतं.

मग दोघी दाराकडे डोळे लावून मुलीच्या आईची वाट बघत राहिल्या.