पाच बाराची क्लिप

गाडीतल्या कॅमेऱ्यांची घड्याळं कधीच धड नसतात. त्यामुळे बेदरकार गाड्यांच्या, लोकांनी पाठवलेल्या क्लिप तपासताना मी वेळेकडे काणाडोळा करतो.

या क्लिपवर पाच बारा होते. ऑफिसच्या भिंतीवर पाच दहा.

एक निळी गाडी दुभाजक ओलांडून थेट कॅमेऱ्यावर आली. चालवणारी बाई फोनवर बोलत होती. क्लिप थांबवून मी तिचा चेहरा मोठा केला.

माझी ताई.

तसाच तिला फोन लावला.

"ताई, घरीच आहेस ना?"

"नाही रे, गाडी चालवतेय. आवाज का असा तुझा? बोल की."

पडद्यावर तिच्या कानाला फोन तसाच होता.

'फोन ठेव,' एवढंच म्हणायचं होतं.

भिंतीवर पाच बारा झाले. फोनमधून एक लांबलचक हॉर्न ऐकू आला.